‘क्रेनिद’, ‘प्रनी’ आणि ‘क्रीणाति’: विकत घेण्याच्या एका क्रियापदाचं घराणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या आयरिशमध्ये ‘विकत घेतो’ला ‘क्रेनिद’ म्हणतात आणि संस्कृतात ‘क्रीणाति’ म्हणतात, हे वाचून तुम्हाला दोन्ही शब्द एकाच घरातले वाटले. मग त्याच अर्थाचा वेल्श शब्द ‘प्रनी’ हा ‘प’ने सुरू होतो असं कळलं आणि शंका आली. शब्दकोशात या सगळ्यांच्या वर आद्य केल्टिकमधलं (आयरिश, वेल्श वगैरे भाषांच्या समान पूर्वज भाषेतलं) *क्व्रिनति असं तारा लावलेलं रूप दिलेलं दिसलं. ते आलं कुठून, त्याचे वंशज कोण, आणि मराठीत यातलं काही उरलं आहे का, हे तुम्हाला हवं आहे.

आधी सरळ उत्तर देतो. नातं खरं आहे. पण तुम्हाला ते ज्या कारणानं खरं वाटलं, ते कारण चुकीचं आहे. ‘क्रेनिद’ आणि ‘क्रीणाति’ या दोघांच्या सुरुवातीला ‘क्र’ असणं हा योगायोग आहे. खरा पुरावा पुढे, ‘न’मध्ये आहे. मी हा विषय बरीच वर्षं शिकवतो आहे आणि वर्गात दरवर्षी नेमकी हीच गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या ताऱ्याचा (*) अर्थ एवढाच की हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही. आद्य केल्टिक बोलणाऱ्यांनी काही लिहून ठेवलं नाही. आयर्लंड, वेल्स, कॉर्नवॉल, ब्रिटनी इथल्या भाषांमधली रूपं शेजारी ठेवायची, प्रत्येक भाषेत कोणता ध्वनी नियमानं कशात बदलला हे इतर शंभर शब्दांवरून ठरवायचं, आणि मग सगळ्यांना पुरून उरेल असं एकच मूळ रूप मांडायचं. त्या रूपातलं प्रत्येक अक्षर कोणत्या तरी वंशजानं सिद्ध केलेलं असावं लागतं.

पहिलं अक्षर घेऊ. आद्य केल्टिकमध्ये एक जोडध्वनी होता, क म्हणताना ओठांचा चंबू केला की येतो तसा ‘क्व’. पुढे त्याचं दोन ठिकाणी दोन प्रकारे झालं. वेल्श, कॉर्निश, ब्रेटन आणि प्राचीन गॉलमधली (साधारण आजच्या फ्रान्समधली) भाषा यांत ओठांनी बाजी मारली आणि त्याचा ‘प’ झाला. आयरिशमध्ये ओठांचा भाग गळून गेला आणि साधा ‘क’ उरला. ‘चार’ला जुन्या आयरिशमध्ये ‘केथर’, वेल्शमध्ये ‘पेद्वार’. ‘कोण’ला आयरिशमध्ये ‘किआ’, वेल्शमध्ये ‘पुइ’. आपल्या ‘चार’मधला च आणि ‘कोण’मधला क यांच्या मुळाशीही हाच ‘क्व’ आहे. लॅटिनमध्ये घोड्याला ‘एक्वुस’, आणि गॉलमध्ये घोड्यांची देवी ‘एपोना’. हा बदल एखाद्या शब्दापुरता नाही, रांगच्या रांग त्याच वाटेनं गेली आहे. म्हणून वेल्श ‘प’ पाहून तुम्ही दचकायचं कारण नव्हतं. तिथे ‘प’ नसता, तर मात्र आम्ही सगळे दचकलो असतो.

आयरिशमध्ये हा ‘क्व’ एकेकाळी खरोखर होता याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. आयर्लंडच्या दक्षिणेला केरी, कॉर्क, वॉटरफर्ड या भागांत ओगम लिपीतले उभे दगड आहेत, साधारण चौथ्या ते सातव्या शतकातले. ही लिपी दगडाच्या कडेवर आडव्या रेघा मारून लिहितात. कडेच्या एकाच बाजूला चार रेघा मारल्या की क, आणि पाच मारल्या की क्व. ‘अमक्याचा मुलगा तमका’ असं लिहिताना जुन्या दगडांवर ‘मक्वि’ असं येतं, आणि त्यातला क्व पाच रेघांचा असतो. पुढे त्याचंच ‘मॅक’ झालं, जे आज आयरिश आणि स्कॉटिश आडनावांत दिसतं. वेल्शमध्ये त्याच शब्दाचं ‘माब’ झालं. विद्यार्थ्यांना मी या दगडांची छायाचित्रं दाखवून रेघा मोजायला लावतो. पाचवी रेघ बोटानं मोजली की पुनर्रचित रूप ही हवेतली गोष्ट वाटेनाशी होते.

आता गल्लत कुठे होते ते बघा. संस्कृतानंही हा ‘क्व’ सोडून ‘क’ घेतला, पण तो स्वतंत्रपणे, हजारो मैल दूर आणि आयरिशच्या कितीतरी आधी. ग्रीकनं इथे ‘प’ घेतला, तोही वेल्शला न विचारता. ग्रीकमध्ये ‘मी विकत घेतलं’ला ‘एप्रिआमेन’ म्हणतात. नुसत्या दिसण्यावर गेलं तर संस्कृत-आयरिश एका बाजूला आणि ग्रीक-वेल्श दुसऱ्या बाजूला अशा जोड्या लागतील, आणि त्या दोन्ही खोट्या असतील. आयरिश आणि वेल्श या सख्ख्या बहिणी आहेत, बाकीचे दूरचे नातेवाईक. ग्रीकच्या बाबतीत तर जुना पुरावाही हाताशी आहे. १९५२ साली मायकल व्हेंट्रिसनं उलगडलेल्या लिनिअर बी या प्राचीन ग्रीक लिहिण्याच्या लिपीतल्या, क्रीट बेटावरच्या क्नोसोसच्या मृत्तिकापट्ट्यांवर ‘क्वि-रि-या-तो’ असं रूप येतं, अर्थ ‘त्यानं विकत घेतलं’. गुलामांच्या खरेदीची ती नोंद आहे. तिथे अजून ‘क्व’ शाबूत आहे, ‘प’ झालेला नाही.

मग खरा पुरावा कोणता? तो पाणिनीच्या गणांत, म्हणजे त्याच्या व्याकरणातल्या धातूंच्या गटांत आहे, आणि इथे संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला युरोपातल्या विद्यार्थ्यापेक्षा सोपं जातं. धातुपाठातला नववा गण ‘क्र्यादि’, म्हणजे ‘क्री’ ज्याच्या आरंभी आहे तो. ‘डुक्रीञ् द्रव्यविनिमये’ हा त्या गणातला पहिलाच धातू. ‘क्र्यादिभ्यः श्ना’ या सूत्रानं धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये ‘ना’ येतो: क्री + ना + ति, क्रीणाति. आपल्यापैकी अनेकांनी हे शाळेत पाठ केलं आहे. ज्या धातूवरून पाणिनीच्या परंपरेनं आख्ख्या गणाला नाव दिलं, तोच धातू युरोपच्या पश्चिम टोकाला त्याच ‘न’सकट उभा आहे. मी संस्कृताकडून आयरिशकडे वळलो तो या एका गोष्टीमुळे, आणि अजूनही फळ्यावर ही दोन रूपं शेजारी लिहिताना मला तितकाच आनंद होतो.

हा ‘न’ मुळात धातूच्या पोटात घातलेला होता. संस्कृत, ग्रीक, केल्टिक या सगळ्यांच्या पूर्वज भाषेतला, म्हणजे इंडो-युरोपीय मूळ धातू साधारण *क्व्रेइह असा होता. शेवटचा ‘ह’ म्हणजे घशातून येणारं एक व्यंजन. अभ्यासक त्याला लॅरिंजियल म्हणतात, आणि ते पुढे बहुतेक भाषांतून नाहीसं झालं. वर्तमानकाळ करताना त्या ‘ह’च्या आधी ‘ने’ घालायचा: *क्व्रि-ने-ह-ति. ‘एह’चं संस्कृतात ‘आ’ झालं आणि ‘ना’ तयार झाला. अनेकवचनात ‘ने’मधला स्वर गळायचा, म्हणून संस्कृतात एकाच क्रियापदात क्रीणाति, क्रीणीमः, क्रीणन्ति अशी ना, नी, न् ही तीन रूपं दिसतात. पाठ करताना हा त्रास वाटतो, पण तो फार जुना वारसा आहे. केल्टिकनं हा फरक पुसून सगळीकडे एकच र्‍हस्व ‘न’ केला. म्हणून आद्य केल्टिक रूप *क्व्रिनति, ‘ना’ नव्हे ‘न’.

मुद्दा असा की दोन भाषांत ‘क्र’ सारखा असणं सहज घडू शकतं. पण एकाच अर्थाच्या धातूला, एकाच काळात, एकाच जागी, एकच ‘न’ लागावा, आणि तो फक्त वर्तमानकाळाच्या अंगात दिसून बाकीच्या रूपांत गायब व्हावा, हे योगायोगानं होत नाही. संस्कृतात ‘क्रीणाति’, पण ‘क्रीत’, ‘क्रय’, ‘क्रेता’ यांत न नाही. जुन्या आयरिशमध्ये ‘क्रेनिद’, पण खरेदीला ‘क्रीथ’, त्यात न नाही. भूतकाळाचं रूप ‘कीउर’, त्यातही न नाही. त्या ‘कीउर’मध्ये तर धातूची द्विरुक्ती, म्हणजे त्याचा आरंभ दोनदा येणं, दडलेली आहे, जशी आपल्या ‘चिक्राय’मध्ये उघड दिसते.

दुसरी शंका तुमच्या मनात येईल म्हणून आधीच सांगतो. संस्कृतात ‘क्री’ दीर्घ, मग केल्टिकमध्ये ‘क्रि’ र्‍हस्व का? इथे केल्टिकनंच जुनं रूप जपलं आहे. ‘न’ मध्ये घुसला की इ आणि ह यांची ताटातूट होते, आणि इ दीर्घ व्हायचं कारण राहत नाही. ‘क्रीत’मध्ये मात्र इ आणि ह लागून येतात, म्हणून तिथे ई. संस्कृतानं ‘क्रीत’मधला दीर्घ ई पाहून वर्तमानकाळातही तसाच केला. पालीत ‘किणाति’ र्‍हस्वच आहे. ऋग्वेदातलं रूप लिहिताना दीर्घ असलं तरी मूळ उच्चार ‘क्रिणाति’ असावा असं वैदिक छंदांचे अभ्यासक मानतात. ती ऋचा मुद्दाम देतो, चौथ्या मंडलातली (४.२४.१०): ‘क इमं दशभिर्ममेन्द्रं क्रीणाति धेनुभिः’. या माझ्या इंद्राला दहा गायी देऊन कोण विकत घेतो? आणि पुढे कवी म्हणतो की वृत्रांना मारून झालं की त्यानं तो मला परत द्यावा. किंमत गायींत ठरली आहे, आणि माल काम होईपर्यंतच द्यायचा आहे.

गायींवरून आयर्लंडकडे वळू, कारण तिथेही मोठे व्यवहार गायींतच मोजले जात. जुन्या आयरिशची रूपं आपल्याला मुख्यतः आठव्या-नवव्या शतकांतल्या हस्तलिखितांतून मिळतात. लॅटिन ग्रंथांच्या ओळींमधल्या मोकळ्या जागेत भिक्षूंनी बारीक अक्षरात आयरिश टिपा लिहिल्या. ती हस्तलिखितं आज व्युर्त्सबुर्ग, मिलान आणि सांक्ट गालेन इथे आहेत, आणि त्यांच्या आधारे योहान कास्पार त्सॉइसनं १८५३ साली केल्टिक व्याकरणाचा पाया घातला. ‘क्रेनिद’मधला ए पुढच्या ‘अ’मुळे आला. आयरिशमध्ये पुढच्या अक्षरात अ असला की आधीचा इ खाली उतरून ए होतो.

‘क्रेनिद’ला आयरिशमध्ये एक जोडीदार होता: ‘रेनिद’, म्हणजे विकतो. हा वेगळ्या धातूपासून आला, ज्याची ग्रीकमधली बहीण ‘पेर्नेमि’, विकतो. केल्टिकमध्ये शब्दारंभीचा मूळ प गळतो, म्हणून नुसता र उरला. नियमानं त्याचं रूप ‘अर्न’सारखं व्हायला हवं होतं. पण घेणं आणि विकणं ही क्रियापदं रोज तोंडात एकामागून एक येतात, त्यामुळे ‘विकतो’नं ‘विकत घेतो’चा साचा उचलला: क्रेनिद, रेनिद. केल्टिक व्याकरणातलं हे माझं सर्वात आवडतं उदाहरण आहे. बाजारात जोडीनं वावरणारे शब्द यमक जुळवून घेतात. बेनिद (मारतो), लेनिद (चिकटतो), त्लेनिद (चोरतो) हीही याच साच्यातली. ‘लेनिद’ म्हणजे आपलं ‘लिनाति’, तेही नवव्या गणातलंच.

या दोन धातूंवर आयरिश कायद्याचा बराच मोठा भाग उभा आहे. ‘रेनिद’ला उपसर्ग लागून ‘भरपाई देतो’ असं क्रियापद झालं आणि त्याचं नाम ‘एरिक’, म्हणजे माणूस मारल्याबद्दल त्याच्या नातलगांना द्यायची भरपाई. ‘क्रेनिद’ला उपसर्ग लागून ‘तोख्रे’, म्हणजे लग्नात वधूसाठी दिलं जाणारं धन. लिथुआनियनमध्ये याच धातूचा ‘क्रिएनास’ हा शब्दही वधूमूल्याचाच. आपल्याकडे मनुस्मृती मुलीसाठी शुल्क घेणाऱ्या बापाला ‘अपत्यविक्रयी’ म्हणते, तेही याच धातूनं. आणि साधारण इ.स. ७००च्या सुमाराचा एक आयरिश कायदेग्रंथ आहे, त्याचं नावच ‘क्रीथ गब्लख’, म्हणजे ‘फांद्या फुटलेली खरेदी’. समाजात कोणाचा दर्जा काय, कोणाकडे किती गायी, किती जमीन, कोणाच्या अपमानाची किंमत किती, याची पायरीवार मांडणी त्यात आहे. माणूस आपल्या मालमत्तेच्या बळावर दर्जा जणू विकत घेतो, असा त्या नावाचा अर्थ लावतात.

आधुनिक आयरिशमध्ये मात्र ‘क्रेनिद’ बाजारातून उठून गेलं. आज आयरिश माणूस विकत घेण्याला ‘क्यानी’ म्हणतो, आणि तो शब्द ‘व्यापारी’ या अर्थाच्या नामावरून तयार झाला. पण जाता जाता जुन्या क्रियापदानं एक विलक्षण गोष्ट केली. ‘रेनिद’चं नाम होतं ‘रेक’, विकणं. त्याच्या धर्तीवर ‘क्रेनिद’साठी ‘क्रेक’ असं नाम तयार झालं, खरेदी या अर्थाचं. दोन शब्दांत फरक उरला फक्त एका क-चा. पुढे ते एकमेकांत मिसळले, आणि आइल ऑफ मॅन बेटावरच्या मँक्स भाषेत ‘क्रेक’चा अर्थ झाला विकणं! स्कॉटिश गेलिकच्या काही बोलींतही तसंच. गिऱ्हाइकाचा शब्द दुकानदाराकडे गेला. नेड मॅड्रेल हे मँक्सचे शेवटचे जन्मजात भाषक मानले जातात, ते १९७४ साली गेले. त्यांच्या भाषेत ‘क्रेक’ म्हणजे विकणंच होतं.

हे वाचून एखाद्याला वाटेल की हा त्या बेटावरचा विक्षिप्तपणा. तसं नाही, आपणही तेच केलं आहे. त्याकडे शेवटी येतो.

वेल्श घराण्यात सगळं सरळ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. वेल्शमध्ये क्रियापद पी-आर-वाय-एन-यू असं लिहितात आणि साधारण ‘प्रनी’ असं म्हणतात. त्यातला पहिला स्वर आपल्या ‘अ’च्या अगदी जवळचा, म्हणून मराठी माणसाला तो पहिल्याच दिवशी जमतो. ‘प्रनाइस इ वारा’, मी पाव विकत घेतला. ब्रेटनमध्ये ‘प्रेना’, कॉर्निशमध्येही ‘प्रेना’. तिन्ही ठिकाणी हे रोजच्या दुकानातलं क्रियापद आहे, ग्रंथातलं नव्हे. वेल्शमध्ये त्याला एक धार्मिक फांदीही फुटली. तारणहाराला तिथे ‘प्रनूर’ म्हणतात, शब्दशः विकत घेणारा, म्हणजे किंमत मोजून सोडवणारा. संस्कृतात याच धातूचा ‘निष्क्रय’ आहे, त्याचा अर्थही किंमत देऊन केलेली सुटका. दोघांनी एकमेकांकडून घेतलेलं नाही. जिथे माणसांची खरेदी होत होती, तिथे सुटकेलाही खरेदीचाच शब्द सुचला.

बाकीचे नातेवाईक: तारीम खोऱ्यातल्या (आजच्या पश्चिम चीनमधल्या) तोखारी भाषेत खरेदीला ‘कार्योर’, जुन्या रशियनमध्ये विकत घेण्याला ‘क्रिनुति’. लॅटिननं हा धातू टाकून दिला आणि ‘घेणे’ या अर्थाच्या ‘एमेरे’वर काम भागवलं. आपणही ‘भाजी घेतलीस का?’ असं विचारतो तेव्हा पैसे देऊन घेणंच अभिप्रेत असतं.

आता मराठी. प्राकृतात ‘क्री’चं ‘किण’ झालं होतं. बंगालीतलं ‘केना’ आणि नेपाळीतलं ‘किन्नु’ त्याच्यापासूनच आले, आणि तिथे ते आजही रोजच्या वापरात आहेत. पाटण्याच्या किंवा काठमांडूच्या बाजारात कोणी ‘किन-’ असं काही म्हणताना ऐकलंत तर ते थेट ‘क्रीणाति’ आहे, त्याच ‘न’सकट. मराठीच्या रोजच्या बोलण्यात मात्र हे साधं क्रियापद राहिलं नाही. आपल्याकडे राहिलं ते ‘वि’ लागलेलं. हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात ‘क्री’च्या जागी ‘किण’ सांगितलं आणि ‘वि’ आधी असेल तर ‘विक्के’ही होतं असं नोंदवलं. त्याच वळणातून आपलं ‘विकणे’ आलं. म्हणजे घेण्याचा धातू आपल्याकडे फक्त विकण्यासाठी उरला, मँक्ससारखाच.

मग घेण्याला शब्द कोणता? आपण म्हणतो ‘विकत घेणे’. ‘विकत’ हे विकणेचं वर्तमान धातुसाधित. मला ते ‘विकलं जात असलेलं घेणे’ असंच वाटतं, कारण ‘पिकतं तिथं विकत नाही’ या म्हणीत ‘विकत’चा अर्थ ‘विकलं जात’ असा अजून जिवंत आहे. हिंदीतल्या ‘बिकना’चा आहे तसाच. खरेदीच्या धातूला ‘वि’ लावून विक्री केली, आणि त्या विक्रीतून पुन्हा खरेदी उभी केली. मँक्सला एक उडी लागली, मराठीनं दोन मारल्या.

दुसरा शब्द ‘खरेदी’. तो फारसीतून आला, ‘खरीदन’वरून. पण इराणी भाषांत ‘क्र’चा ‘ख्र’ होतो, आणि मध्ययुगीन फारसीत या क्रियापदाचं रूप ‘ख्रीदन’, वर्तमानकाळाचं अंग ‘ख्रीन’. तो ‘न’ ओळखलात ना? परका म्हणून आलेला शब्द आपल्या ‘क्री’चा चुलतभाऊच आहे. तालुक्याच्या गावी बाजार समितीच्या आसपास ‘शेतकरी सहकारी खरेदी-विक्री संघ’ अशी पाटी असते. त्या जोडशब्दात ‘क्री’ दोनदा आहे: एकदा इराणवरून फिरून आलेला, एकदा ‘वि’ लावून घरीच राहिलेला.